आलोच आहोत तर

फेब्रुवारी संपत आला की बार्सिलोनात मोबाइलवाल्यांची जत्रा भरते. मोबाइल वर्ल्ड काँग्रेस. 2006 पासून तिचा मुक्काम तिथेच आहे. मी त्या शहरात शिकायला होतो, तेव्हा जत्रेची चाहूल मला फोनवरच्या निरोपांवरून लागायची. "ओळखलंस का?" असा सुरू झालेला निरोप "सोबत मिसेस, आई आणि मुलं आहेत" इथे येऊन थांबायचा. पुण्यात एक अख्खी जमात आहे, जी कामाच्या दौऱ्याला घर जोडून येते. एक तिकीट कंपनीचं, बाकीची कार्डाच्या पॉइंटांवर. खोली कंपनीची, जादा गादी स्वखर्चाने. या जमातीचे मुकुटमणी म्हणजे आमचे दाजी.

दाजींचा सगळा संसार 'आलोच आहोत तर' या तीन शब्दांवर उभा आहे. कोल्हापूरला लग्नाला गेले की आलोच आहोत तर जोतिबा, जोतिबाला गेले की पन्हाळा. माझ्या ताईला बघायला आले, तेव्हा आलोच आहोत तर म्हणून मागच्या गल्लीतली सेकंडहँड बुलेटही बघून गेले. दोन्ही व्यवहार त्याच दिवशी ठरले. आधी कुठला ठरला, हे ताई अजून विचारते.

असे हे दाजी ताई, भाची चिऊ आणि आपल्या मातोश्री माई यांना घेऊन विमानातून उतरले. माईंनी तासगावात सगळीकडे सांगून ठेवलं होतं, की मुलगा काँग्रेसच्या अधिवेशनाला परदेशी चाललाय. त्यावरून दोन शेजारी त्यांच्याशी बोलायचे बंद झाले होते.

दाजींचा एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. कंपनी जेवणाचे पैसे फक्त त्यांच्या एकट्याचे देणार होती. आणि दाजी हिशेबाला इतके चोख, की पाच जणांचं बिल आलं की पेन काढून स्वतःच्या पोटात गेलेलं तेवढं वेगळं काढत. "पातातास ब्रावास, फोडी एकूण अठरा. त्यातल्या मी पाच." वेटर बिचारा उभा. 'पाताता' म्हणजे आपला बटाटाच हे कळल्यावर माईंना मात्र परक्या देशात माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

दुपारच्या जेवणाचा प्रश्न दाजींनी पहिल्याच दिवशी सोडवला. 'मेनू देल दिया' ही पाटी त्यांनी गल्लीच्या टोकावरून हेरली. ठरलेल्या दरात पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड, पाव आणि प्यायला पाणी नाहीतर वाइन. 1960च्या दशकात हुकूमशहा फ्रांकोच्या सरकारने पर्यटकांसाठी ठराविक दराचं जेवण हॉटेलांवर बंधनकारक केलं, त्यातून ही पद्धत रुजली. दाजींनी इतिहास ऐकून घेतला आणि निकाल दिला, "राइस प्लेट आहे ही." अडचण फक्त माईंची. मांस नको, असं मी तीनदा बजावूनही त्यांच्या कोशिंबिरीवर ट्यूना मासा पसरलेला. वेटरचं म्हणणं, हे मांस कुठे, हा तर मासा. माईंनी ताटली चिऊकडे सरकवली आणि पावाला टोमॅटो चोळून, तेल-मीठ घालून देतात त्यावर जेवण भागवलं. तिथली कातालान मंडळी पावाला 'पा' म्हणतात. "व विसरलेत," माई म्हणाल्या.

रात्रीचं जेवण हा वेगळाच छळ. साडेआठपर्यंत कुठल्या स्वयंपाकघरात गॅस पेटत नाही, आणि माईंना सातला भूक. 1940 साली फ्रांकोने देशाची घड्याळं तासभर पुढे नेऊन जर्मनीच्या वेळेशी जुळवली, ती आजही तशीच आहेत, असं मी समजावलं. "घड्याळं नेली, पोटं राहिली की मागं," असं म्हणून त्यांनी पिशवीतून दशम्या काढल्या.

दाजी चार दिवस गळ्यात बिल्ला घालून जत्रेला जात आणि दुपारी तोच बिल्ला खिशात कोंबून आम्हाला येऊन मिळत. सग्रादा फामिलिया हे चर्च बघताना सगळे वर बघत होते, दाजी माझ्याकडे. पायाभरणी 19 मार्च 1882ची. त्याचा वास्तुकार गाउदी 1926 साली ट्रामखाली सापडून गेला, तरी काम चालूच. पण बांधकामाचा रीतसर परवाना नगरपालिकेने दिला तो 2019 साली, हे ऐकून दाजी मटकन बाकावर बसले. त्यांच्या पुण्याच्या सोसायटीचं भोगवटा प्रमाणपत्र नऊ वर्षं अडकलंय. "एकशे सदतीस वर्षं!" ते पुटपुटले. त्या मंदिरातून एवढी मनःशांती घेऊन निघालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

रांब्ला या रस्त्याच्या टोकाला कोलंबसाचा साठ मीटर उंच स्तंभ आहे. 1888चा. हा आपल्याकडे यायला निघाला आणि भलतीकडे पोचला, मग त्याच्या मागोमाग तिकडच्या वस्तू जगभर गेल्या, असं मी सांगू लागलो. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद... यादी लांबत गेली तशा माई गंभीर झाल्या. "म्हंजे हा बाबा रस्ता चुकला नसता, तर माझ्या एकादशीला काय राहिलं असतं?" आम्ही विचारात पडलो. "वरी," ताई हळूच म्हणाली. दाजी म्हणाले, "आलोच आहोत तर नमस्कार करा." माईंनी चपला काढल्या.

आलोच आहोत तर मोन्सेरातच्या डोंगरावरची काळी माता झाली. दातेरी रुळांच्या गाडीने वर गेलो. मूर्ती काचेआड, हातातला गोल तेवढा काचेबाहेर, त्याला स्पर्श करायचा आणि पुढे सरकायचं. रांगेची शिस्त माईंना शिकवावी लागली नाही.

रविवारी मी म्हटलं, "चला, हुरडा पार्टीला." वाल्स गावाजवळच्या एका मळ्यात कालसोताडा होता. पांढरा कांदा जमिनीत पुन्हा लावायचा आणि कोंब वर येईल तसतशी त्याला मातीची भर देत जायची, म्हणजे पांढरी दांडी लांबते. 'कालसार' म्हणजे भर देणं, त्यावरून या कांद्याला कालसोत म्हणतात. हे कांदे उघड्या जाळावर कोळशासारखे काळे होईतो भाजतात, वर्तमानपत्रात गुंडाळून मुरवतात आणि कौलावर वाढतात. जाळ द्राक्षवेलीच्या छाटणीच्या काटक्यांचा. त्या बघताच दाजी मोबाइल, काँग्रेस, कंपनी सगळं विसरले. मळेकऱ्याला मराठीतून म्हणाले, "आमच्याकडं या बांधावर पेटवून देत्यात हो!" त्याला शब्द कळला नाही, हळहळ कळली. दोघं छाटणी या विषयावर अर्धा तास हातवारे करत उभे.

इकडे आमच्या गळ्यात लाळेरी बांधण्यात आली. कांद्याचं काळं साल खालून धरायचं, हिरवा शेंडा वरून ओढायचा, आतली पांढरी लुसलुशीत दांडी बाहेर येते. ती भाजलेल्या टोमॅटोच्या, बदाम-लसणीच्या चटणीत बुडवायची आणि मान मागे टाकून वरून तोंडात सोडायची. मांस नाही, मासा नाही. साठ वर्षं भरताची वांगी सोलून तयार झालेले माईंचे हात असे काही चालले, की शेजारच्या टेबलावरचे लोक आपले कांदे सोलायला त्यांच्याकडे देऊ लागले. चिऊने फोन ठेवला. ताई पहिल्यांदाच गप्प बसून जेवली. आणि दाजींच्या कौलाशेजारी काळ्या सालींचे पाच-पाचचे ढीग. हिशेब चालू होता.

बिलातला स्वतःचा वाटा दाजींनी कंपनीकडे रीतसर लावला: भाजलेले कांदे, नग तेवीस. हिशेब खात्याने उलट विचारलं, की एका माणसाने एका बैठकीत तेवीस कांदे? दाजींनी पुरावा म्हणून लाळेऱ्यातला स्वतःचा फोटो पाठवला आहे. मंजुरी अजून यायची आहे. ते लाळेरं माई आता आमरस काढताना बांधतात.