सुक्या डब्यावरची श्रद्धा

हिंजवडीत कचऱ्यालाही प्रोजेक्ट मॅनेजर लागतो. आमच्या सोसायटीत ओला, सुका आणि घातक असे तीन डबे ठेवायचं ठरलं, तेव्हा डब्यांच्या आधी एक्सेल शीट आली. हे तीन भाग करायला २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलेलं होतं. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलाने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हेही त्यातच होतं. पण नियम वाचून मुकाट कामाला लागलो तर आम्ही आयटीवाले कसले? क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावून बैठक झाली. एरवी भूमकर चौकात गाडीच्या काचेतून एकमेकांचे वैतागलेले चेहरे बघणारे लोक पहिल्यांदाच समोरासमोर बसले.

पहिला प्रश्न टी-बॅगचा. आतली पूड ओली, दोरा सुका, पिन लोखंडाची. त्यावर अर्धा तास गेला. मग नारळाची करवंटी आली. ती झाडाची, म्हणून ओली, असं एक पक्ष म्हणाला. खतात ती वर्षानुवर्षं तशीच राहते, म्हणून सुकी, असं दुसरा. ग्रुपवर मतदान घेतलं, ते बरोबरीत सुटलं. शेवटी कुणाला तरी सुचलं, की रोज कचरा नेणाऱ्या मावशींना विचारावं. मावशी दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "करवंटी माझ्याकडं द्या की. पाणी तापवायला जाळते." बैठक संपली.

डबे आले आणि आमची सुक्या डब्यावर विलक्षण श्रद्धा बसली. गंगेत बुडी मारली की पाप धुऊन निघतं, तसं त्यात टाकलेलं सगळं आपोआप रीसायकल होतं असं आम्ही धरून चाललो. वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, चहाचे कागदी कप, तूप-चीज प्यायलेला पिझ्झाचा खोका, एका पायाची चप्पल. टाकताना चेहऱ्यावर पृथ्वी वाचवल्याचं तेज.

हे तेज उतरवायचं काम भंगारवाले मामा करतात. ते रविवारी टेम्पो घेऊन येतात. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, पत्रा हे चटचट काट्यावर चढतं. बाकीच्या ढिगाकडे बघून मामा एवढंच म्हणतात, "हे नको."

"अहो मामा, यावर तीन बाणांची खूण आहे!"

"असंल साहेब. घेणारा नाय."

रीसायकलिंगची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या सेमिनारमध्ये ऐकलेली नाही. त्या त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिक कुठल्या जातीचं ते सांगतो. पुढे त्याचं काहीतरी होईल, असं वचन तो देत नाही. वेफर्सच्या पाकिटात वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की ते सोडवण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. कागदी कप आतून प्लास्टिकने मढवलेला. पिझ्झाच्या खोक्यातलं तेल कागदाचा लगदा बिघडवतं. म्हणजे आमच्या सुक्या डब्यातला बराचसा ऐवज पुढे डेपोतच जाणार, फक्त स्वच्छ अंतःकरणाने.

याउलट पाण्याची बाटली. मामांच्या हातात ती आली की बघत राहावं. बूच काढून बाजूच्या गोणीत, तळाचं घोटभर पाणी आमच्या तुळशीला, मग टाचेखाली एकच दाब. बूच वेगळं का, तर "त्याचा भाव येगळा." भाव वेगळा, कारण प्लास्टिकच वेगळं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा पाण्यात सोडला की बाटलीचे तुकडे तळाला जातात आणि बुचाचे वर तरंगतात. तळाचा माल धुऊन वितळवला की त्याचा पॉलिएस्टर धागा निघतो. ८ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधान संसदेत जे आकाशी जाकीट घालून आले होते, ते अशाच बाटल्यांचं होतं. आमच्याकडेही एका पर्यावरणदिनाला अशा धाग्याचे टी-शर्ट वाटले होते. प्रत्येक टी-शर्ट स्वतंत्र प्लास्टिकच्या पिशवीत.

चाकण-भोसरीकडे माल वेगळा ठेवायला शिकवावं लागत नाही. तिथल्या वर्कशॉपात लेथखालचा पितळेचा चुरा ॲल्युमिनियममध्ये मिसळला तर फोरमन जीव घेईल. माल एकजातीचा असेल तर भट्टीवाला भाव देतो, भेसळीचा असेल तर तोंड फिरवतो. शिवाय खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जी ऊर्जा जाते, तिच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुनं ॲल्युमिनियम वितळून पुन्हा कामाला लागतं. म्हणून तिकडे कंपन्यांच्या भंगाराच्या ठेक्यासाठी दमदाटी, मारामाऱ्या, खंडणीचे गुन्हे, सगळं साग्रसंगीत होतं. चाकणला माणसं भंगारासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. आम्ही हिंजवडीत भंगार एकमेकांच्या दारात सरकवतो.

सरकवायला आम्हाला जागाही भरपूर. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर राहून फुगली. त्यामुळे पत्ता सांगताना आम्ही राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे, आणि कचरा उचलायची वेळ आली की ग्रामपंचायतीचे. पिंपरी-चिंचवडचा कचरा निदान मोशीला जातो. तिथे तो जाळून वीज करणारा १४ मेगावॉटचा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. पण जाळणं हे शेवटचं काम. वस्तू पुन्हा वस्तू होणं वेगळं, आणि तिची एकदाच ऊब घेणं वेगळं.

मावशी आणि मामा ज्या कामात आहेत, त्याला पुण्यात फार मोठा इतिहास आहे. कचरा वेचणाऱ्या बायकांकडे एकेकाळी लोक चोर म्हणून बघायचे. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बायकांना ओळखपत्रं मिळाली, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. २००८ पासून तिच्या सभासद पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करतात. डायपर-पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढीच त्यांची मागणी असते. ती ऐकल्यावर उच्चशिक्षित घरांत लाल पेन सापडत नाही.

आई गावाहून आली की मात्र आमच्या घरची एक्सेल शीट कोलमडते. तिच्या लेखी कचरा ही अवस्थाच नाही. दुधाची पिशवी कोपरा न तोडता कापायची, धुवायची आणि ओट्यावरच्या फरशीला चिकटवून वाळवायची. श्रीखंडाचा डबा मिसळणात, माझा सदरा आधी पायपुसण्यात, मग पंख्याच्या पात्यावर. बोहारणीशी जुन्या साड्यांवरून तासभर घासाघीस करून पातेलं मिळवलेली ही बाई. गेटवर बोहारणीला ॲपवरून एंट्री घ्यावी लागते, हे ऐकून ती दिवसभर उदास होती. "अरे, टाकतोस काय? राहू दे. लागतं."

हेच "लागतं" आम्ही वायरींच्या बाबतीत इमानाने पाळतो. हिंजवडीतल्या प्रत्येक घरात एक खण असतो. त्यात मेलेले मोबाइल, फुगलेल्या बॅटऱ्या, ज्यांचं यंत्र कुणालाच आठवत नाही असे चार्जर. एक टन खनिजात असतं त्याहून जास्त सोनं एक टन जुन्या मोबाइलमध्ये निघतं. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुना माल मार्गी लावायची जबाबदारी मुख्यतः उत्पादकांवर आहे. पण त्यासाठी तो आधी खणातून निघायला हवा.

म्हणून सोसायटीने ई-कचरा संकलन दिन ठेवला. बॅनर लागला, सेल्फी पॉइंट झाला. सकाळी सातपासून लोक खोके घेऊन उतरले, आणि टेबलावर ओतलेला तो खजिना बघताच सगळ्यांचे डोळे चमकले. "ही व्हीजीए केबल चालते का हो?" "हा कीबोर्ड कुणाचा? नुसता एफ अडकतोय ना?" सहाव्या मजल्यावरच्या काकांनी मॉनिटर दिला आणि स्पीकर उचलले. ज्यांनी स्पीकर दिले होते, ते मॉनिटर घेऊन लिफ्टमध्ये शिरले. माझ्याही खिशात एक छोटा ॲडाप्टर आला, कशाचा ते बघायचंय अजून. अकरा वाजता अधिकृत कंपनीचा टेम्पो पोचला. माणसाने टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, आणि सेक्रेटरींना रीतसर शिक्क्यासह पावती फाडून दिली: माउस, नग १.