सर्वसज्ज

पुणतांबा हे राहाता तालुक्यातील गोदाकाठचे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावरील जंक्शन असून साईनगर शिर्डीचा फाटा येथूनच फुटतो. तथापि शेत, बाजार, दवाखाना आणि सोयरीक या कामांसाठी गावकरी ज्यावर विसंबतो ते वाहन मोटारसायकल होय. या मोटारसायकलस्वारांमध्ये एक प्रकार असा आढळतो, की राहात्याच्या तहसील कचेरीतून उतारा आणायला निघाला तरी वाटेत संपूर्ण गाडी खोलून पुन्हा जुळवता येईल एवढा ऐवज तो बरोबर घेतो. या प्रकारास विवेचनाच्या सोयीसाठी ‘सर्वसज्ज’ अशी संज्ञा योजणे योग्य ठरेल.

गावाला वाहनविषयक परंपरा मोठी आहे. ज्यांची समाधी येथे आहे ते योगी चांगदेव हाती सर्पाचा चाबूक घेऊन वाघावरून ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघाले आणि त्यांना सामोरी आली ती चौघा भावंडांना घेऊन चालणारी भिंत, ही आख्यायिका सर्वतोमुखी आहे. वाघ पंक्चर होत नाही आणि भिंतीला प्लग नसतो, त्यामुळे दोन्ही पक्षांना हत्यारे बाळगावी लागली नाहीत; सर्वसज्जाच्या दृष्टीने त्या भेटीतील उणीव काय ती एवढीच. (एका वाहनावर चौघांनी बसण्याचा प्रघात मात्र तालुक्यात आजही टिकून आहे.)

सर्वसज्जाची गाडी बहुधा स्प्लेंडर असते. 1994 मध्ये बाजारात आलेले हे सुमारे 97 सीसीचे वाहन मुळातच क्वचित बिघडणारे असल्याने त्याच्या सज्जतेपुढची पहिली अडचण तेथेच उभी राहते. कंपनीने गाडीसोबत दिलेली पान्यांची छोटी पिशवी तो पोरांना खेळायला देतो आणि स्वतःसाठी खताच्या गोणीची पिशवी शिवून घेतो, जिच्यात दहा-अकरापासून पुढच्या मापांचे पाने, पक्कड, क्लचची जादा वायर, चेन लॉक म्हणजे साखळीची दोन टोके जोडणारी सुटी कडी, आणि इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल व हवेचे मिश्रण पेटवणारा जो प्लग, त्याचे तीन नग असतात. पैकी एक नवा, एक जुना, आणि तिसरा वडिलांच्या राजदूतचा, जो या गाडीला बसतच नाही. तो विडी ओढत नाही, तरी काडेपेटी बाळगतो. कारण काळवंडलेला प्लग पेटीच्या खरबरीत कडेवर घासून साफ करण्याची विद्या त्यास घराण्यातून मिळालेली असते.

या सामानातील जो भाग स्थळकाळाशी सुसंगत आहे, त्याबद्दल त्याला श्रेय देणे भाग आहे. शेतरस्त्यावर बाभळीचा काटा टायरात शिरला, की चाक काढून, लिव्हरने टायर उचकटून, आतली ट्यूब पाण्यात बुडवावी लागते आणि बुडबुडे जेथून निघतील तेथे ठिगळ लावावे लागते. म्हणून पंक्चर व्हायचीच असेल तर ती पाटाला आवर्तन सुटलेले असताना व्हावी, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट बुजवून चाक जागीच जखडतो, तेव्हा जगातील कोणत्याही कंपनीच्या हत्यारांपेक्षा सर्वसज्जाच्या पिशवीतले खुरपे अधिक कामाला येते. ऊसतोडीच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याने जातात, म्हणून तो बॅटरी आणि लाल चमकपट्टीही ठेवतो, आणि याबाबतीत त्याला हसणाऱ्यांनी त्याचेच अनुकरण केलेले बरे. हेल्मेट मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 129 नुसार डोक्यावर असणे बंधनकारक आहे. सर्वसज्ज ते आरशाला अडकवतो आणि गाडी खोलताना काढलेले नटबोल्ट त्यात ठेवतो. कलमाचा हेतू याने साधत नाही, पण नट हरवत नाही.

मात्र हा सारा पसारा स्वतःच्या गाडीसाठी आहे असे समजणे हा वरवरच्या निरीक्षणाचा दोष होय. त्याची गाडी बंद पडत नाही आणि याचे त्याला मनोमन दुःख असते. त्याची नजर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या शोधात असते, आणि ती दिसताच मागे बसलेल्या कारभारणीला, भाजीच्या पिशवीसह, लिंबाच्या सावलीत उतरवून तो “थांबा भाऊ, हात लावू नका” असे म्हणत पुढे होतो. गाडीवाला फोनवर बोलण्यासाठी थांबला असल्यास सर्वसज्जाची निराशा पाहवत नाही. 1 जून 2017 रोजी ज्या शेतकरी संपाला पुणतांब्यातून सुरुवात झाली, त्यात दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाणे थांबले. सर्वसज्जाचे पाने मात्र कोणत्याही संपात सामील होत नाहीत.

या प्रकारावरील खरे संकट 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण-मानकांनी आणले. या मानकांसाठी बहुतेक मोटारसायकलींमधून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा जुना भाग, गेला आणि त्याजागी संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. अशी गाडी बिघडली की मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागतो. सर्वसज्ज त्या दिव्याकडे बराच वेळ पाहतो, तो सोडवण्याजोगा पाना पिशवीत शोधतो, आणि अखेरीस प्लग काढून काडेपेटीवर घासतो.

जुन्या गाड्यांवर त्याची भक्ती आहे ती याचमुळे. त्यांच्या टाकीखाली ‘रिझर्व्ह’ नावाची सोय असते. तो वेगळा साठा नव्हे; टाकीच्या आत एक नळी उंच ठेवलेली असते, पेट्रोल तिच्या तोंडाखाली उतरले की गाडी थांबते, आणि कॉक फिरवल्यावर तळाचे पेट्रोल इंजिनाकडे वाहू लागते. सर्वसज्जाचा कॉक कायम रिझर्व्हवरच असतो. पिशवीवर खर्च झाल्यामुळे असेल किंवा आणीबाणीची ओढ म्हणून असेल, पेट्रोल तो शंभर रुपयांचेच भरतो, आणि त्याची स्वतःची गाडी थांबलीच तर त्याच कारणाने थांबते. अशा वेळी तो ती आडवी कलंडवतो, टाकीच्या दुसऱ्या बाजूस राहिलेले थेंब इकडे आणतो आणि पंपापर्यंत पोहोचतो.

तेव्हा पुणतांबा-श्रीरामपूर रस्त्यावर गाडी बंद पडल्यास वाचकाने समोरून येणाऱ्या गोणीवाल्या स्वाराला निःशंकपणे हात करावा. फक्त त्याच्याकडे पेट्रोल मागू नये, आणि उशीर होईल असे घरी आधी कळवून ठेवावे.