आधी चिंचपोकळी, मग मँचेस्टर

आमच्या लालबागात सत्कार फार स्वस्त झालेत. पूर्वी बोर्डात आला की शाल मिळायची, आता चीनला जाऊन आला की मिळते. गेल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये अशाच एका तरुण उद्योजकाला शाल-श्रीफळ मिळालं. गडी कँटन फेअर करून आला होता. ग्वांगझो शहरातली ही जत्रा 1957 पासून भरते, वर्षातून दोनदा, आणि तिथे सुईपासून क्रेनपर्यंत काय म्हणाल ते मिळतं. आमचा गडी तिथून काय घेऊन आला? 'उद्योगाचे दहा धडे'. स्लाइडसकट.

धडा पहिला: ग्राहक हा राजा. घ्या! एवढ्यासाठी व्हिसा काढला. लालबागात राजा कोण, हे 1934 सालीच ठरलेलं आहे आणि ग्राहक बिचारा नवसाच्या रांगेत उभा असतो. धडा दुसरा: वेळ पाळा. पहिल्या रांगेत तीन निवृत्त गिरणी कामगार बसले होते. अर्धं आयुष्य भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले. चिनी माणसं वक्तशीर असतात हे ऐकून त्यांना काय वाटलं ते कळलं नाही, कारण एकाचा डोळा लागला होता आणि दुसरा चहा कधी येतो ते बघत होता. कार्यक्रम स्वतः पाऊण तास उशिरा सुरू झाला होता, ते जाऊ द्या.

मी सटकणारच होतो, तेवढ्यात नवव्या स्लाइडवर एक यंत्र झळकलं. मसाला दळायचं. स्टीलचं, चकचकीत, बाजूला रंगीत पडदा. आणि मागच्या रांगेतून मिरची गल्लीतले आमचे डंखवाले मामा उभे राहिले.

"काय रे, मसाला बाहेर पडतो तेव्हा हाताला गरम लागतो का?"

"मामा, फुल्ली ऑटोमॅटिक आहे."

"ते कळलं. गरम लागतो का?"

"हात कोण लावतो मामा? सेन्सर आहे."

ज्यांनी उन्हाळ्यात त्या गल्लीत नंबर लावलाय, त्यांना मामांचा प्रश्न कळेल. डंखात लोखंडी मुसळं वर उचलली जातात आणि उखळात धाडकन पडतात. मिरची कुटली जाते, घासली जात नाही. घासली की तापते, तापली की रंग काळवंडतो आणि वास उडतो. मामा दर थोड्या वेळाने चिमूटभर मसाला तळहातावर घेतात, अंगठ्याने चोळतात, नाकाशी नेतात. जाडसर लागला की चाळणीतून परत उखळात. समोरची बाई नाकाला पदर लावून उभी असते, कारण तिचं लक्ष दोन गोष्टींवर असतं: आपली बेडगी दुसऱ्याच्या मसाल्यात जात नाही ना, आणि मामांचा अंगठा काय म्हणतो. सेन्सर तो अंगठाच.

"बरं, बंद पडलं तर?"

"सप्लायरला मेसेज टाकायचा."

"कुठल्या भाषेत?"

हॉल हसला. गडी खट्टू झाला. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याने यंत्राबरोबर सेल्फी काढला होता. त्यात मिरची घालून बघायचं मात्र राहून गेलं होतं. त्याला तरी काय दोष द्यायचा? त्याने जन्मात डंख चालवलेला नाही, मग विचारणार काय?

परदेशी जाऊन धंदा शिकून येण्याची रीत या भागाला नवी नाही. इथून हाकेच्या अंतरावर, चिंचपोकळीत, 1869 साली जमशेटजी टाटांनी दिवाळं निघालेली एक तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा नाव दिलं आणि दोन वर्षांत नफ्यात विकून टाकली. मग लँकेशायर गाठलं, गिरण्या बघायला. हा क्रम बघा: आधी चिंचपोकळी, मग मँचेस्टर. सूत कुठे तुटतं हे घरी बघून गेलेला माणूस तिकडे बरोबर त्याच ठिकाणी बोट ठेवतो.

परत येऊन त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली, 1 जानेवारी 1877 ला सुरू केली. आणि गंमत म्हणजे, एवढं बघून आल्यावरही सुरुवातीची यंत्रं स्वस्तातली घेतली. माल खराब निघाला. मुकाट्याने बदलली. हे असलं कुठल्या स्लाइडवर येत नाही. पुढे 1883 च्या सुमारास त्यांच्या गिरणीतला ब्रुक्सबी इंग्लंडहून सूत कातायच्या नव्या रिंग चात्यांची बातमी घेऊन आला, तेव्हा आधी दोनच रिंगफ्रेम आणून चालवून पाहिल्या आणि मगच ऑर्डर दिली. लँकेशायरवाले मात्र आपल्या जुन्या म्यूल यंत्राला कवटाळून बसले. ज्यांच्याकडे शिकायला गेलो, तेच मागे राहिले.

यावर टाळ्या वाजवायच्या आधी पुढचं ऐका. 1893 मध्ये जमशेटजी जपानला गेले. तिथून पुढे अमेरिकेकडे जाताना बोटीत विवेकानंद भेटले, ही गोष्ट प्रत्येक वक्ता सांगतो. बोटीच्या भाड्याची गोष्ट कुणी सांगत नाही. कापसाच्या गासडीवर पी अँड ओ कंपनी मनमानी भाडं लावायची. टाटांनी निप्पॉन युसेन कंपनीशी बोलणी केली आणि त्याच नोव्हेंबरात मुंबई-कोबे बोट सुरू झाली. पी अँड ओ ने भाडी पाडली, टाटांना या मार्गावरच्या आपल्या बोटी आवराव्या लागल्या. जपान्यांनी मात्र बोटी चालू ठेवल्या, आपला कापूस नेला, रिंगफ्रेमवर कातला आणि चीनच्या बाजारातून मुंबईच्या सुताला हुसकावून लावलं. दौरा आपला, धडा त्यांचा. पुढे आमच्या कित्येक गिरण्यांत आजोबांच्या काळातली यंत्रं नातवापर्यंत फिरत राहिली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मग यंत्रांपेक्षा खालची जमीन महाग आहे, हा धडा मालकांनी परदेशी न जाता शिकून घेतला.

कार्यक्रमाच्या शेवटी पुढच्या दौऱ्याची घोषणा झाली. आयोजकांनी मोठ्या मनाने मामांना अर्ध्या खर्चात न्यायची तयारी दाखवली. गडी स्वतः खाली उतरून मामांपाशी आला, "मामा, चलाच. यंत्र तुम्हीच बघा." मला वाटतं, संध्याकाळभरात तेवढं एकच वाक्य धंद्याचं होतं.

मामांनी तारीख विचारली. जत्रा 15 एप्रिलला उघडते, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते.

मामा जाणार नाहीत. एप्रिल-मे हा मसाल्याचा सीझन आहे.