एकदा बघायला हरकत नाही

शनिवारी रात्री पावणेनऊला आमच्या घरी सिनेमा बघायचं ठरलं. कोणता बघायचा हे सव्वादहापर्यंत ठरत होतं. रिमोट मुलीच्या हातात, फोन बायकोच्या हातात आणि मुगाच्या खिचडीचं ताट माझ्या हातात, अशी कामाची वाटणी होती. मुलगी टीव्हीवर नाव वाचायची, बायको फोनवर त्याचे गुण काढायची.

"सहा पॉइंट आठ."

"मग राहू दे."

"अगं, सहा पॉइंट आठ म्हणजे फर्स्ट क्लास झाला की," मी म्हणालो. आमच्या काळी साठ टक्क्यांना पेढे वाटत. दोघींनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की माझी मॅट्रिकची मार्कलिस्ट त्यांना आत्ताच सापडली असावी.

पुढच्या सिनेमाला आठच्या वर होते. पण खाली कुणा परोपकारी माणसानं लिहून ठेवलं होतं की शेवटी कुत्रा मरतो. म्हणजे तोही बाद. तिसरा कुणाला संथ वाटला होता, चौथा कुणाला घाईघाईत उरकल्यासारखा. खिचडीवर तुपाचा थर जमला. अखेर आम्ही 'अशी ही बनवाबनवी' लावला, बहुतेक पंचविसाव्यांदा. त्याला किती गुण आहेत हे मात्र कुणी पाहिलं नाही.

मी वाढलो त्या तालुक्याच्या गावी टॉकीज एकच होतं. सिनेमा बदलला की हातगाडीवर पोस्टर आणि भोंगा चढवून एक माणूस गावभर 'पाहायला विसरू नका'चा घोष करत फिरायचा. ती झाली जाहिरात. खरं परीक्षण मिळायचं टॉकीजबाहेरच्या सायकल स्टँडवर. तिथल्या मामांनी आयुष्यात एकही सिनेमा धड पाहिलेला नव्हता, कारण लोक आत असायचे तेव्हाच त्यांना बाहेर सायकली सांभाळायच्या असत. पत्र्याचा एक बिल्ला हँडलला अडकवायचा, जोडीचा दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, एवढाच त्यांचा चित्रपटसृष्टीशी संबंध. पण शुक्रवारी रात्री "मामा, कसा आहे?" म्हणून विचारलं, की ते विडी विझवून सांगत, "मध्यंतराला अकरा गेल्या."

संपलं. कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण, सगळं त्या अकरा सायकलींत आलं. 'एक हलली नाही' असं मामा म्हणाले, की दुसऱ्या दिवशी खिडकीवर रेटारेटी ठरलेली. एका सिनेमाच्या वेळी ते म्हणाले होते, "चार गेल्या, अन् रात्रीच्या खेळाला डबलसीट परत आल्या." मधूनच उठून घरी जाऊन बायकोला घेऊन येण्याइतका सिनेमा! त्याला पाच तारे कमीच. आता प्रेक्षकानं कुठल्या मिनिटाला बंद केलं याची नोंद ओटीटीवाले ठेवतात, असं मुलगी मोठ्या कौतुकानं सांगते. मामांना त्यासाठी सर्व्हर लागत नव्हता.

मामा खरं बोलायचे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कोण आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकांचंही तेच. त्यांना कुठलाही सिनेमा आवडत नाही, आणि जो आवडतो तो बघवत नाही. गाणी आली की ते चुळबुळतात, चुंबन आलं की चष्मा पुसतात, आणि नायकानं वडिलांचे पाय धरले की "याला म्हणतात सिनेमा" म्हणतात. वीस वर्षांत आम्ही हे यंत्र नीट समजून घेतलं आहे. काका जिन्यात "अगदीच टाकाऊ हो" म्हणाले की घरात शिरायच्या आत आम्ही तिकिटं काढतो. त्यांचा अंदाज आजवर चुकलेला नाही. त्यांना हे कुणी सांगू नये, एवढंच.

फोनवरच्या परीक्षकाचं असं काही ठाऊक नसतं. त्यानं एक तारा दिला तो दिग्दर्शकाला, की चारशे रुपयांच्या पॉपकॉर्नला? बायकोशी भांडून तो एकटाच गेला होता का? मागच्या रांगेत कुणाचं तान्हं बाळ रडत होतं का? चव सांगणाऱ्याला सर्दी आहे की नाही हे न बघताच आपण आमटीत मीठ घालत सुटलो आहोत.

त्यातून आपण मराठी माणसं. आपल्याकडे स्तुतीची सर्वोच्च पायरी 'वाईट नाही' ही आहे. त्याखाली 'बरा आहे', त्याखाली 'ठीक', आणि या सगळ्यांना पुरून उरणारा महाअभिप्राय म्हणजे 'एकदा बघायला हरकत नाही'. याचा अर्थ बघा असा होतो, बघू नका असाही होतो. मी वेळ घालवला आहे, तुम्हीही घालवा, असाही होतो. उद्या सिनेमा गाजला तर 'मी म्हटलंच होतं', पडला तरी 'मी म्हटलंच होतं'. वकिलानं तपासून दिल्यासारखं वाक्य आहे. ते ताऱ्यांत मांडायचं कसं?

अमेरिकेत ही सोय आहे. तिथल्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळाचा हिशेब कळला तेव्हा मला भलताच आपलेपणा वाटला. १९९८ साली सुरू झालेलं हे प्रकरण. वाईट नाटकावर टोमॅटो फेकायच्या प्रथेवरून नाव घेतलेलं. (आपल्याकडे टोमॅटोचे भाव चढले की मंडईतून आणलेला माल कुणी नटावर वाया घालवणार नाही, ते सोडा.) तिथली टक्केवारी म्हणजे सिनेमाचे गुण, असं मी समजत होतो. तसं ते नाही. समीक्षकाचं एकूण मत बरं की वाईट एवढंच बघायचं, आणि शंभरातल्या किती जणांना बरा वाटला तो आकडा लावायचा. साठ किंवा वर असेल तर टोमॅटो ताजा, खाली आला की नासका. म्हणजे शंभरच्या शंभर जण 'एकदा बघायला हरकत नाही' म्हणून जांभई देत बाहेर पडले, तर सिनेमाला शंभर टक्के! आणि साठ जण वेडे होऊन नाचले, चाळीस जण शिव्या देत उठून गेले, तर साठ टक्के. सगळ्या पुण्याला परवडेल असा सिनेमा पहिला येणार, आणि घराघरात भांडणं लावणारा काठावर पास होणार.

या टोमॅटोची स्मरणशक्तीही आत्याबाईंसारखी आहे. १९४१ च्या 'सिटिझन केन'ला जगातल्या उत्तमोत्तम चित्रपटांत गणतात. त्याचे शंभर टक्के कितीतरी वर्षं शाबूत होते. २०२१ साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रातलं ऐंशी वर्षांपूर्वीचं नापसंतीचं परीक्षण कुणाच्या तरी हाती लागलं, ते हिशेबात धरलं गेलं आणि टक्के झाले नव्याण्णव. परीक्षणाखाली नाव होतं 'मे टिनी'. ते त्या वर्तमानपत्राचं टोपणनाव, मॅटिनीवरून घेतलेलं. नातवंडांची लग्नं झाल्यावर मूळ लग्नातल्या मानपानाची तक्रार करणारी चिठ्ठी ट्रंकेत सापडावी, तसं झालं.

हे सगळं मला कळतं, तरी तिकीट काढण्याआधी मी अभिप्राय वाचतोच. त्याचा परिणाम काय होतो ते सांगतो. मागे एका थरारपटाला गेलो. निघण्यापूर्वी तीन ठिकाणी वाचलं होतं, 'सेकंड हाफ ढेपाळतो.' पहिला भाग झकास गेला, पण मध्यंतरानंतर आम्ही दोघं सिनेमा बघायला बसलोच नव्हतो. तो ढेपाळतो कधी याची वाट बघत होतो. नायिका जिन्यावरून उतरायला लागली. "ढेपाळला का?" बायकोनं कानात विचारलं. "अजून नाही वाटतं," मी म्हणालो. खुनी सापडला तेव्हा आमची चर्चा चालू होती की ढेपाळला तो नेमका पोलीस चौकीत की त्याच्या आधी. घरी येईपर्यंत आमचंही एकमत झालं होतं: सेकंड हाफ ढेपाळतो. मी ते जिन्यात काकांना सांगितलं. त्यांना आवडला होता.

मराठी सिनेमाच्या बाबतीत गंमत आणखी वेगळी. पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या आत पाच-पाच ताऱ्यांचे तीस अभिप्राय पडतात, सगळ्यांत 'अप्रतिम' एकाच पद्धतीनं चुकवलेलं आणि निम्म्यांचं आडनाव निर्मात्याचं. दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर 'प्रत्येक मराठी माणसाने आवर्जून पाहावा असा' हा संदेश येतो. त्यामुळे सिनेमा बघणं हे मतदान किंवा रक्तदान यांच्या पंगतीला जाऊन बसतं. आपण अंगठा दाखवतो, चार गटांत पुढे पाठवतो आणि म्हणतो, "चांगला आहे म्हणे. ओटीटीवर आला की बघू." इतकी स्तुती होऊन रिकामी राहिलेली थिएटरं जगात दुसरीकडे असतील असं वाटत नाही.

'सैराट' आला तेव्हा, २०१६ च्या एप्रिलअखेरीस, कुणी कुणाला 'कसा आहे' असं विचारल्याचं मला आठवत नाही. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला कॅशियर, सगळे एकच विचारत होते: "बघितला का?" काही गावांत मध्यरात्री खेळ लावावे लागले. 'कसा आहे' विचारतात तो सिनेमा चालला तर चालतो. 'बघितला का' विचारायला लागले, की न बघणाऱ्यालाच कानकोंडं व्हायला होतं. तो प्रश्न पैसे देऊन पसरवता येत नाही. आला असता तर एव्हाना त्याचंही दरपत्रक निघालं असतं.

या अभिप्रायांनी निर्मातेही बिचारे कावलेत. केरळात तर प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि न्यायमित्रानं २०२४ मध्ये सुचवलं की प्रदर्शनानंतर पहिले ४८ तास व्हिडिओवाल्या परीक्षकांनी गप्प राहावं. तमिळ निर्मात्यांना तीन दिवस हवे होते, पण मद्रास उच्च न्यायालयानं तशी बंदी घातली नाही. ठीकच झालं. आमच्या काकांना ४८ तास गप्प बसवायचा आदेश बजावायला कोण जाणार होतं?

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा बाहेर पडलो. फोनवर आठ पॉइंट सात होते. मॉलच्या तळघरात गाडी घेऊन गेलो आणि पार्किंगच्या पोराला विचारलं, "कुठं लावू रे?"

त्यानं हातातला मोबाइल बाजूला न ठेवताच मान वर केली. "लावा की काका, कुठंही."

मला तिथेच मामा आठवले. मी बायकोला म्हणालो, "परत फिरायचं का?"

"अहो, आठ पॉइंट सात आहे," ती म्हणाली.

गेलो. मध्यंतरापर्यंत मी जागा होतो. त्यापुढे खुर्ची मागे कलणारी होती, एसी बेताचा होता आणि पार्श्वसंगीत मोठं गोड. जाग आली तेव्हा नावं वर सरकत होती. बाहेर येतो तोच फोन वाजला: सिनेमा कसा वाटला? खोटं लिहायचं नाही असं ठरवून मी चार तारे दिले आणि खाली लिहिलं, 'शांत अनुभव. एकदा बघायला हरकत नाही.'

आजवर चौदा जणांना तो अभिप्राय उपयुक्त वाटला आहे. त्या खेळाला थिएटरात आम्ही होतो नऊ.