साहेब माईकवर आहेत

अंबडच्या एमआयडीसीत हल्ली कुणा उद्योजकाला फोन लावला की पलीकडून उत्तर येतं, "साहेब माईकवर आहेत." पूर्वी साहेब मीटिंगमध्ये असायचे. त्याआधी शॉपमध्ये असायचे. आणि एसटीडी बूथच्या जमान्यात तर स्वतःच फोन उचलून "बोला" म्हणायचे. "बोला" म्हणणारा माणूस पुढचं ऐकूनही घेतो, असा तेव्हा समज होता.

माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते साहेब गरवारे पॉइंटच्या आतल्या बाजूला वॉशर बनवतात. नाव सांगत नाही, कारण हे वाचून निदान सहा-सात जणांना आपल्यावरच लिहिलंय असं वाटायला हवं. साहेबांची गिऱ्हाइकं चार. दोन सातपूरला, एक चाकणला, एक वाळूजला. चारही ठिकाणचे परचेस मॅनेजर त्यांना नावानिशी ठाऊक आहेत. कुणाला डायबिटीस आहे आणि कुणाला काजूकतली चालते, हेही. दिवाळीचे बॉक्स त्या हिशेबानेच जातात. एवढं असताना पुण्याहून आलेल्या कन्सल्टंटने त्यांना सांगितलं, "सर, तुमचा ऑडियन्स तुमच्याशी कनेक्ट होत नाहीये." वॉशरला ऑडियन्स असतो हे साहेबांना तोवर माहीत नव्हतं. पण असतो म्हटल्यावर तो कनेक्ट होत नाही याचं दुःख मात्र लगेच झालं.

या पॉडकास्टच्या साथीचं मूळ मी जानेवारी 2025 मध्ये शोधतो. त्या महिन्यात झिरोधाचे सहसंस्थापक निखिल कामत यांच्या पॉडकास्टवर खुद्द पंतप्रधान येऊन बसले. शेअर दलालीच्या धंद्यातला माणूस समोरच्या खुर्चीत पंतप्रधान बसवू शकतो, तर आपल्यासमोर निमा नाहीतर आयमा या उद्योजक संघटनांचा एखादा माजी पदाधिकारी का बसू नये, हा विचार त्या आठवड्यात नाशकातल्या बऱ्याच केबिनींत एकाच वेळी आला असावा. समोर पाहुणा बसवला की त्याला बोलू द्यायचं असतं, ही बारीकशी अट कन्सल्टंटच्या स्लाइडवर नव्हती.

तर कॉलेज रोडला एका फ्लॅटच्या हॉलचा स्टुडिओ झाला. भिंतीवर निऑनच्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, मध्ये दोन खुर्च्या आणि काळे स्पंज चढवलेले दोन माईक. प्रश्न विचारायला साहेबांचा भाचा, कारण त्याचं इंग्रजी चांगलं आणि काम काही नाही. पहिल्याच वाक्याला तो "तर मामा," म्हणाला. रिटेक. दुसऱ्या वेळी म्हणाला, "सर, तुमची जर्नी सांगा." साहेब मूळचे सिन्नरचे. म्हणजे जर्नी एकूण तीसेक किलोमीटरची, पण सांगायला त्यांना सत्तर मिनिटं लागली. वडिलांची सायकल आली, बँकेने नाकारलेलं कर्ज आलं, पहिली प्रेस आली, 'झिरोपासून सुरुवात' आली. सिन्नरच्या जमिनीला एमआयडीसीचा मोबदला मिळाला होता, तो मात्र जर्नीत कुठेच थांबला नाही.

हे ऐकायचं कुणी आणि कधी? पॉडकास्ट लोक प्रवासात ऐकतात असं म्हणतात. मुंबईकराला कल्याण ते सीएसएमटी वेळच वेळ. नाशिककराचा प्रवास पंधरा मिनिटांचा. सत्तर मिनिटं सलग बसवून ठेवणारी जागा शहरात एकच, द्वारका सर्कल. आणि तिथे अडकलेला माणूस ज्या मनःस्थितीत असतो, त्या मनःस्थितीत कुणाची यशोगाथा त्याच्या कानात घालू नये.

कंपनीने आवाजातून माणसं जोडणं हे काही कॉलेज रोडवर लागलेलं संशोधन नव्हे. आणि या गोष्टीत एका मराठी माणसाचा हात आहे, तोही उलट्या बाजूने. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. सिनेमाची गाणी म्हणजे त्यांना कानावर अत्याचार वाटे. आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. लोकांनी मग सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे एका टूथपेस्टच्या नावाने 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी अमीन सायानी बोलत, ते 'बहनों और भाइयों'शी. दात कसे घासावेत यावर नव्हे, तर कोणतं गाणं कितव्या पायरीवर चढलं यावर. हजारोंनी पत्रं यायची. टूथपेस्ट कोण बनवतं, तिच्या मालकाची जर्नी काय, हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. सायानी 2024 मध्ये गेले तेव्हा लोकांनी बिनाकाची आठवण काढली ती घरातल्या माणसासारखी. सरकारला पुन्हा गाणी ऐकवायचं सुचायला 1957 उजाडलं; मग विविध भारती आली.

परदेशातलं हवं असेल तर जनरल इलेक्ट्रिकचं घ्या. एवढी अवाढव्य कंपनी, 2015 मध्ये तिने 'द मेसेज' नावाची विज्ञानकथा आठ भागांत ऐकवली. परग्रहावरून आलेला संदेश, तो उलगडू पाहणारी माणसं. टर्बाइनचं गुणगान नाही, अध्यक्षांचं बालपण नाही. मी हे कन्सल्टंटला सांगितलं. तो म्हणाला, "पण मग सरांचं नाव कुठे येणार?" इथे गाडी अडते.

बरं, माणसं जोडायचं म्हणाल तर नाशिकला ते पुण्याच्या माणसाने येऊन शिकवावं? त्र्यंबक रोडला मायको सर्कल आहे. मायको कंपनीने 2008 मध्ये स्वतःचं नाव बॉश केलं. नाशिककरांनी केलं नाही. अजून रिक्षावाला 'मायको'च म्हणतो. एके काळी मुलगा "मायकोत परमनंट आहे" एवढ्या तीन शब्दांवर लग्नं ठरायची, पत्रिका नंतर बघितली जायची. हा कनेक्ट पगाराने, बोनसने आणि सकाळी ठरल्या वेळी येणाऱ्या बसने झाला होता. सुला वाइन्सने 2005 मध्ये गंगापूरला टेस्टिंग रूम उघडली. वाइनवर व्याख्यान देण्यापेक्षा माणसाच्या हातात ग्लास दिला. आम्हा नाशिककरांना व्याख्यानाचं वावडं नाही हो. वसंत व्याख्यानमाला शंभर वर्षांहून जुनी आहे, गोदाघाटावर आम्ही मे महिन्याच्या उकाड्यातही बसून ऐकतो. पण तिथे वक्त्याला समोर दिसतं, कोण जांभई देतंय आणि कोण चप्पल शोधतंय. स्टुडिओत समोर फक्त भाचा.

आणि सगळ्यांवर कडी रामकुंडावर. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. बाहेरगावचा माणूस अस्थी घेऊन येतो, गाव आणि आडनाव सांगतो. गुरुजी बासनातली वही काढतात, पानं उलटतात आणि विचारतात, "म्हणजे अमक्याचे तुम्ही नातू ना? ही बघा आजोबांची सही." मोडी वळणाची, शाई फिकी पडलेली. तो माणूस त्या सहीवर बोट ठेवतो आणि त्या क्षणी या गुरुजींना सोडून दुसरीकडे जायचा विचार त्याच्या मनातून कायमचा जातो. पिढ्यान् पिढ्यांचं हे गिऱ्हाईक टिकलं कशावर? गुरुजींनी स्वतःची जर्नी सांगितली म्हणून नाही. त्यांच्या वहीत स्वतःबद्दल अक्षर नसतं. सगळं समोरच्याबद्दल असतं.

ऐकण्यासारखं साहेबांच्या कारखान्यात काहीच नाही असं मात्र समजू नका. तिथे प्रेसवर एक जुना सेटर आहे. तो चहा पिता पिता थांबतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, "चार नंबरची डाय बोथट झाली." मशीन त्याच्याकडे पाठ करून वीस पावलांवर चालू असतं. मला फरक कळेना, तेव्हा त्याने हात धरून मला मशीनपाशी नेलं. चांगल्या डायचा आवाज तुटक येतो, ठाक. बोथट डायखाली पत्रा आधी दबतो, मग फाटतो. ठाकच्या आधी एक बारीकशी कुरकुर येते. वॉशर हातात घेऊन त्याने कडेची बर दाखवली, नखाला लागेल न लागेल अशी. हीच बर पुढे गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्शनमध्ये सापडली की अख्खा लॉट परत. त्या क्षणी वॉशरमध्ये मला जो रस वाटला, तो सत्तर मिनिटांच्या जर्नीत वाटला नव्हता. चाकणचा परचेस मॅनेजर हे ऐकता, तर पुढची ऑर्डर न मागता देता. भाच्याने ते मोबाइलवर रेकॉर्डही केलं होतं. कन्सल्टंटने कापलं. शेरा होता, 'बॅकग्राउंड नॉइज फार आहे.'

चौथा एपिसोड 'विश्वास' या विषयावर झाला. साहेब रंगात होते. "सप्लायर हा सप्लायर नसतो, पार्टनर असतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर दिसलं की नाशिकमधल्या एका श्रोत्याने हा एपिसोड पूर्ण ऐकला, तोही दोनदा. ऑफिसात पेढे आले. संध्याकाळी त्या श्रोत्याचाच फोन आला. तो साहेबांच्या वॉशरचं प्लेटिंग जॉबवर्कवर करणारा छोटा कारखानदार निघाला. "साहेब, एकतिसाव्या मिनिटाला तुम्ही पार्टनर म्हणालात. मग माझ्या सात महिन्यांच्या बिलांचं कसं करायचं?" लघुउद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावं, असा 2006 चा कायदा आहे. 2024-25 या आकारणी वर्षापासून तर आयकरवालेही मध्ये पडले आहेत. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत तो खर्च धरायला मिळत नाही. साहेबांच्या सीएने हे दोनदा मेल करून कळवलं होतं. पण मेल वाचायला साहेब माईकवरून उतरायला हवेत.

कन्सल्टंट हरखून गेला. "सर, याला एंगेजमेंट म्हणतात! याला गेस्ट म्हणून बोलवा."

प्लेटिंगवाला कामावरून तसाच आला. बोटं ॲसिडने पिवळी पडलेली, काखेत फाइल. भाच्याने त्याच्या तोंडासमोर माईक नीट लावला आणि विचारलं, "सर, तुमची जर्नी सांगा." त्याने फाइल उघडली आणि तारीखवार बिलं वाचायला सुरुवात केली. आवाज मोठा स्वच्छ होता, एकही रिटेक लागला नाही. एपिसोड एडिटिंगला आहे. निघताना त्याने भाच्याला दबकत विचारलं, सातपूरहून रिक्षाने आलो, तेवढं भाडं मिळेल का? भाचा हसून म्हणाला, "मिळेल ना काका. बिल पाठवून द्या."