आमचे महाराज तसले नाहीत

देवाधर्मावरचा विनोदी चित्रपट लागला की प्रत्येक सोसायटीत एक अप्पा कामाला लागतात. आमच्याकडचे अप्पा दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त, सोसायटीचे माजी सेक्रेटरी आणि समाजभावनांचे आजन्म खजिनदार. कोणाची भावना कधी दुखावली, किती दुखावली, ती वसूल होण्यासारखी आहे की बुडीत खात्यात टाकायची, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. स्वतःच्या भावना मात्र ते कधी काढत नाहीत. ‘‘माझं काही नाही हो, मी हसलो. पण लोकांना काय वाटेल?’’ हे त्यांचं कायमचं मत. हे लोक कोण, ते अजून कोणी पाहिलेले नाहीत. ते हळवे असतात, संख्येने फार असतात आणि अप्पांना मुखत्यारपत्र देऊन कुठेतरी गावाला गेलेले असतात.

न पाहताच ओरडणाऱ्यांची जात वेगळी. अप्पा त्यांतले नव्हेत. ते पहिल्या आठवड्यात, पदरच्या पैशाने, कडेची खुर्ची धरून चित्रपट पाहतात आणि पोट धरून हसतात. मध्यंतरात वडा खाताना त्यांना गाठलंत तर ते म्हणतील, ‘‘धमाल! असंच झोडपायला पाहिजे या भोंदूंना.’’ चित्रपट सुटल्यावर, स्कूटरची किल्ली शोधताना, ‘‘पण जरा जास्तच झालं नाही?’’ दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या बाकावर, ‘‘इतरांच्या धर्मावर काढून दाखवा म्हणावं!’’ आणि आठवडा उलटला की, ‘‘मी तर हा चित्रपट लागायच्या आधीच सांगत होतो.’’ काय सांगत होते, हे विचारायचं नसतं. बाकावरची बाकी मंडळी मान डोलावतात, कारण त्यांची साखर तपासायची वेळ झालेली असते.

उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ २०११ साली आला, तेव्हापासून मी अप्पांचा अभ्यास करतो आहे. मंगरूळ गावातल्या केशाला दत्त दिसतो, गाव त्या दत्ताचं देऊळ बांधायला उठतं आणि दवाखान्याची योजना मागे पडते. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला विभागून मिळाला. अप्पांना चित्रपट बेहद्द आवडला. गिरीश कुलकर्णींचा केशा आवडला, नाना पाटेकरांचे भाऊ आवडले. दवाखान्यासाठी जीव तोडणाऱ्या दिलीप प्रभावळकरांच्या अण्णांसाठी तर अप्पांनी रुमाल काढला. ‘‘खेड्यातल्या माणसांचं हे असंच असतं,’’ ते नाक पुसत म्हणाले, ‘‘आधी गरज काय ते कळतच नाही.’’

त्याच सुमारास आमच्या सोसायटीपुढे दोन ठराव होते. एक, बंद पडलेली लिफ्ट बदलणे. दुसरा, फाटकाजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात छोटंसं दत्तमंदिर बांधणे. निधी एकाच कामापुरता होता. सेक्रेटरी अप्पा. मंदिर संगमरवरी झालं आहे, या एकदा. चौथ्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून जिना चढताना प्रत्येक पायरीला दत्ताचं नाव घेतात. म्हणजे सोसायटीत नामस्मरण वाढलं, हे अप्पांचं म्हणणं खोटं नाही. आणि ‘देऊळ’ आजही टीव्हीवर लागला की ते अण्णांसाठी रुमाल काढतात.

मग २०१२ साली ‘ओह माय गॉड’ आला. मूळचं गुजराती नाटक ‘कानजी विरुद्ध कानजी’. परेश रावलचा कानजी मुंबईत मूर्ती विकणारा नास्तिक दुकानदार. भूकंपात नेमकं त्याचंच दुकान बसतं, विमा कंपनी ही ‘देवाची करणी’ म्हणून हात वर करते आणि कानजी देवावरच दावा लावतो. नोटिसा मात्र बजावल्या जातात देवाच्या इथल्या मुखत्यारांना. या चित्रपटात अप्पांची पहिली भावना दुखावली ती विमा कंपनीच्या वतीने. ‘‘आगीच्या विम्यात भूकंप धरत नाहीत. त्याचा जादा हप्ता भरून वेगळं कलम घ्यावं लागतं. यात देवाला कशाला ओढायचं? पॉलिसी वाचायची होती!’’ शेजारच्या खुर्चीवरच्या परक्या माणसाला त्यांनी हे अंधारात समजावून सांगितलं. पुढे कोर्टात बुवा-स्वामींची भंबेरी उडाली तेव्हा मात्र ते खुर्चीतून उसळून हसत होते. गोविंद नामदेवांचे सिद्धेश्वर महाराज रागाने थरथरू लागले की अप्पा टाळ्या पिटत.

बाहेर आल्यावर मी जपून विचारलं, ‘‘अप्पा, तुमच्या मठातसुद्धा...’’

‘‘छे छे! आमचे महाराज तसले नाहीत.’’

‘‘नाहीत ना?’’

‘‘पैशाला बोटसुद्धा लावत नाहीत! ट्रस्ट आहे. दारातच देणगीची खिडकी आहे. रीतसर पावती मिळते, ८०-जी ची सवलतसुद्धा मिळते. आता यात भोंदूपणा कुठे आला?’’

जिथे आयकर खात्याचं समाधान झालं, तिथे मी कोण शंका घेणार?

‘आमचे महाराज तसले नाहीत’ हे एकच वाक्य अप्पांच्या संपूर्ण धर्मविचाराचा पाया आहे. २०१३ साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा अप्पा खरोखर हळहळले. त्या दिवशी ते बाकावर आले नाहीत. वर्ष संपता संपता जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला, तर त्यांनी पेढे वाटले. ‘‘बुवाबाजीला चाप बसलाच पाहिजे!’’ पेढे मठातले होते, गुरुवारच्या प्रसादातले. महाराष्ट्राच्या परंपरेचा तर त्यांना जाज्वल्य अभिमान. एकनाथांची भारुडं, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा, अत्र्यांचं ‘बुवा तेथे बाया’, सगळं त्यांच्या बोलण्यात येतं. गाडगेबाबांची तसबीर त्यांनी दिवाणखान्यात महाराजांच्या शेजारी लावली आहे. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही असं सांगत आयुष्यभर फिरलेला तो माणूस, दोन खिळ्यांपलीकडच्या महाराजांकडे रोज कसा बघत असेल कोण जाणे. महाराजांच्या तसबिरीला मागून दिवा आहे, गाडगेबाबांच्या तसबिरीला नाही. वायर पुरली नाही म्हणतात.

‘पीके’ १९ डिसेंबर २०१४ ला लागला आणि अप्पांच्या कारकिर्दीला बहर आला. ट्रान्झिस्टर धरून उभ्या असलेल्या आमिर खानचं पोस्टर आधीच गाजलं होतं. बंदीची याचिका सर्वोच्च न्यायालयात जाऊन फेटाळलीही गेली होती. आवडत नसेल तर पाहू नका, असा न्यायालयाचा एकूण रोख होता. यावर अप्पांचा युक्तिवाद मी अजून विसरलेलो नाही. ‘‘पाहू नका म्हणणं सोपं आहे. पण पाहिल्याशिवाय कसं कळणार, की हे पाहायला नको होतं?’’ या तत्त्वाला जागून त्यांनी चित्रपट दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा, नक्की कुठे दुखलं ते तपासायला.

परग्रहावरून आलेला पीके देवळाबाहेर चपलांना कुलूप लावतो, हे पाहून ते गदगदून हसले. कॉलेजच्या दारात साध्या दगडाला लाल रंग फासून पुढे चार नाणी टाकली की पोरं परीक्षेच्या भीतीने रांग लावतात, हे पाहून म्हणाले, ‘‘तरुण पिढी!’’ त्या प्रयोगाचा खरा रोख आहे नायिकेच्या वडिलांवर. घरातली प्रत्येक गोष्ट तपस्वी महाराजांना विचारून करणारे ते सद्गृहस्थ, मुलीचं लग्नसुद्धा. अप्पांना त्यांचा मनस्वी राग आला. ‘‘काय बाप आहे! स्वतःची अक्कल चालवायला नको?’’ अप्पांच्या पुतण्याने फ्लॅट घेतला तेव्हा पूर्वेचा की पश्चिमेचा, हे महाराजांनी ठरवलं होतं. मी त्याची आठवण करून दिली. ‘‘ती वेगळी गोष्ट,’’ अप्पा म्हणाले, ‘‘महाराजांचं त्यात काही नव्हतं. त्यांनी फक्त होकार दिला.’’

‘इतरांच्या धर्मावर काढून दाखवा’ हे मात्र त्यांनी याही वेळी बजावलं. पीके नारळ घेऊन चर्चमध्ये जातो आणि दारू घेऊन मशिदीकडे निघतो, हे मी सांगू लागलो तर त्यांचा विश्वास बसेना. दोन्ही खेपांना तो प्रसंग आला तेव्हा अप्पा बाहेर गेले होते. वयोमानाने काही गोष्टी थोपवता येत नाहीत.

या पुतण्याचंही सांगायला हवं, नाहीतर अप्पांवर अन्याय होईल. तो हिंजवडीत कामाला आहे, स्वतःला नास्तिक म्हणवतो, ‘पीके’तले संवाद त्याला पाठ आहेत आणि काकांच्या मठाची तो यथेच्छ टिंगल करतो. तो दर महिन्याला एका ‘सरां’च्या आत्मविकास शिबिराला जातो. सर पहाटे चारला उठायला सांगतात, हा उठतो. सर थंड पाण्याने अंघोळ करायला सांगतात, हा शिंकत शिंकत करतो. सरांचं पुस्तक उशाशी, सरांचा फोटो मोबाइलवर. मी म्हटलं, ‘‘अरे, मग काकांच्यात आणि तुझ्यात...’’ तो उसळला. ‘‘काहीही काय! सर तसले नाहीत. ते सायन्स सांगतात.’’ घराण्याचं वळण दिसलं. मी स्वतः कुठल्या बुवाच्या नादी लागत नाही. लिहिणाऱ्याला संपादक पुरतो.

या घरात एकच माणूस असे चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मागाहून कसलाही शेरा न मारता पाहू शकतं. ते म्हणजे काकू. त्या वारी करतात, एकादशी धरतात, पहाटे काकडा म्हणतात. पीकेने चपलांना कुलूप लावलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने त्याच हसल्या. ‘‘पंढरपुरात माझ्या नव्या चपला गेल्या ना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेव्हा मी त्याला म्हटलंच, अरे तू अठ्ठावीस युगं विटेवर उभा, तुला कशाला लागतात रे चपला?’’

अप्पा दचकले. ‘‘अगं, देवाला असं बोलतात का?’’

‘‘जनाबाईने तर शिव्या घातल्यात त्याला. मी निदान चपलांचंच विचारलं.’’

‘‘पण लोकांना काय वाटेल?’’

‘‘लोकांच्या चपला गेल्या की ते विचारतील. आणि अहो, तमाशातल्या गवळणीत मावशी कृष्णाची एवढी फिरकी घेते, तेव्हा तुम्हीच शिट्ट्या मारत होतात ना, लग्नाआधी?’’

अप्पांनी विषय बदलला. त्यांच्या हिशेबाने कृष्ण चालतो. तो लहानपणापासून खोडकर आहे, सवय आहे त्याला. गणपतीचं निम्मं चालतं, म्हणजे लाउडस्पीकरचं. भटजींचं सगळं चालतं. मारुतीचं चालत नाही. दत्ताचं अजिबात नाही. आणि महाराजांचा प्रश्नच येत नाही.

काकूंना मठ नाही, पावती नाही, मधला माणूस नाही. भांडायचं तर थेट विठोबाशी, हसायचं तरी त्याच्याचसमोर. त्यामुळे त्यांची भावना दुखावण्यासाठी निदान पंढरपूरपर्यंत जावं लागतं. अप्पांची मात्र दारातल्या देणगीच्या खिडकीपाशीच दुखावते, आणि तिथे विनोद चटकन पोचतो.

‘ओह माय गॉड’मध्ये शेवटी मिथुन चक्रवर्तींचा लीलाधर स्वामी कानजीला थंडपणे बजावून जातो, की आज आश्रम सोडून गेलेली ही माणसं पुन्हा तिथेच परतणार आहेत. अख्ख्या चित्रपटातलं हे सर्वांत नेमकं समाजशास्त्र, आणि ते खलनायकाच्या तोंडी आहे. अप्पांनी तर परतायचीही वाट पाहिली नाही. शुक्रवारी चित्रपट पाहायचा म्हणून गुरुवारची आरती त्यांनी चुकवली नव्हती.

तेव्हा असल्या चित्रपटांवर बंदी मागणाऱ्यांना एक नम्र विनंती आहे. कशाला उन्हातान्हात मोर्चे काढता, खिडक्यांच्या काचा फोडता, वकिलांच्या फिया भरता? एवढे चित्रपट आले आणि गेले, पण आमच्या सोसायटीतला एकही भाविक त्यांनी बिघडवलेला नाही. एकही भोंदू उपाशी मेलेला नाही. आणि लिफ्ट अजून बंदच आहे.