मोजतेय, थांब

पुण्यात थंडी किती पडते यावर दोन मतं आहेत. एक शिवाजीनगरच्या वेधशाळेचं आणि दुसरं लोकरवाल्या काकूंचं. वेधशाळेला जुने पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून उठून इथं आलं. येताना त्यांनी दप्तर तेवढं आणलं, थंडी तिकडंच ठेवली. त्या दप्तरात पुण्याच्या नीचांकी तापमानाची नोंद आहे १.७ अंश, तारीख १७ जानेवारी १९३५. काकूंचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. पण त्या विणतात ते त्याच रात्रीसाठी. ती रात्र पुन्हा येणार, आणि येईल तेव्हा आपल्या घराण्यातला एकही माणूस बिनस्वेटरचा सापडता कामा नये, अशी त्यांची तयारी बारा महिने चालू असते. मे महिन्यात, पंखा पाचावर ठेवून, मांडीवर अर्धं स्वेटर घेऊन बसलेली बाई दिसली की समजावं, याच त्या.

पूर्वी त्या सदाशिव-नारायण पेठेत सापडत. वाडे पाडून इमारती झाल्या तशा कोथरूडला, सिंहगड रस्त्याला पांगल्या. पण लोकर घ्यायला अजून तुळशीबागेत नाहीतर रविवार पेठेतच येतात. नोकरी बहुधा बँकेत किंवा शाळेत झालेली. खांद्याला लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या साडीवाल्याची जुनी कापडी पिशवी. या पिशवीत एकदा डोकावायला मिळालं, तर संधी सोडू नये. दहा नंबरच्या सुयांची जोडी, बॉर्डरसाठी बारा नंबरची, क्रोशाची एक सुई, शिवणीचं दाभण, टेप, टाके अडकवून ठेवायला मोठ्या सेफ्टी पिना, आवळासुपारीची डबी, आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. पत्रिकेच्या पाठीवर आकडे असतात: ‘छाती ३८, उंची २५, बाही १८, मान जाड.’ हा नवऱ्यामुलाचा हिशेब. लग्न झालं, संसार झाला, मुलगा आता टकला झाला. पण काकूंच्या लेखी तो अजून ‘मान जाड’च आहे.

नात्यातली माणसं काकूंना अशी मापांनी पाठ असतात. वाढदिवस चुकतील, बाहीची लांबी चुकणार नाही. आपण नमस्काराला वाकलो की त्या आशीर्वाद देतात आणि त्याच हातानं दोन खांद्यांमधलं अंतर वितीनं घेतात.

काकूंच्या हातातलं खरं हत्यार मात्र सुई नव्हे. ते आहे एक वाक्य, ‘मोजतेय, थांब.’ दारावरची बेल वाजली, कुकरची तिसरी शिट्टी झाली, काका ‘अगं, माझा चष्मा कुठंय’ म्हणाले, विमावाल्याचा फोन आला, जावई पाया पडायला आला: सगळ्यांना तेच उत्तर. नजर वर होत नाही, ओठ हलत असतात, ‘बावीस, तेवीस, चोवीस...’ आणि एक हात हवेत. या हाताला घरात जी किंमत आहे ती अलका टॉकीजच्या चौकात सिग्नललासुद्धा नाही. समोरचा माणूस जागच्या जागी थांबतो. काका तर श्वाससुद्धा हळू घेतात. कारण मध्ये बोललं, आकडा चुकला आणि काकूंना पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं, तर त्या दिवशी आमटीत मीठ आहे का हे विचारायची सोय उरत नाही.

मला बरेच दिवस संशय होता, तो आता पक्का झाला आहे. ओळीत नव्वद टाके असतील, तर ते मोजायला काकूंना अर्धं मिनिटही लागत नाही. तेवढ्या वेळात चार माणसांना चार वेळा थांबवणं शक्यच नाही. बऱ्याचदा त्या काहीही मोजत नसतात. पण काका पेपर घेऊन सकाळचे दोन तास बसले तर ते वाचन असतं. काकू हात रिकामे ठेवून दहा मिनिटं बसल्या तर घरातले विचारतात, ‘बरं वाटत नाहीये का?’ सुया हातात असल्या की कुणी विचारत नाही. बसायचं तर काहीतरी करत बसायचं, हे त्यांच्या आईनं शिकवलेलं. काय केलं म्हणजे निवांत बसता येतं, ते त्यांचं त्यांनी शोधून काढलं.

आईचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तिथं बायकांना लिहावाचायला आणि शिवणटिपण, हातकाम शिकवत. आज पुण्यात जेवढ्या लोकरवाल्या काकू आहेत त्या सगळ्यांची आजी सेवासदनात शिकलेली असते. ते सगळं खरं मानायचं तर सेवासदनाची इमारत पर्वतीएवढी हवी होती. आणि सगळ्यांच्या आईनं १९६२च्या चीनच्या युद्धात सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर विणलेले असतात. हे मात्र मी निमूट मान्य करतो, कारण तेव्हा देशभर बायकांनी खरोखरच लोकर हातात घेतली होती. ‘माप माहीत नव्हतं रे,’ काकू सांगतात, ‘आई म्हणाली, मोठाच विणू, जवान आहे.’

दुकानातल्या काकू हा एक वेगळाच प्रयोग. पिशवीतून वीतभर धागा काढून त्या काउंटरवर ठेवतात. ‘ह्याच्यातलं अजून पन्नास ग्रॅम.’ दुकानदार तसाच गुंडा काढतो. काकू तो घेऊन सरळ दुकानाबाहेर रस्त्यात जातात, कारण ट्यूबच्या उजेडात रंग खोटा बोलतो. गर्दीच्या मध्यावर उभ्या राहून धागा धाग्याला लावून बघतात, मागून रिक्षावाला हॉर्न देतो, त्यालाही हात वर होतो. मग परत येऊन म्हणतात, ‘लॉट वेगळा आहे.’ दुकानदार म्हणतो, ‘काकू, शेड नंबर तोच आहे.’ ‘शेड तोच आहे हो, लॉट वेगळा आहे. पाठीवर पट्टा दिसेल.’ आणि त्यांचं बरोबर असतं. एकाच रंगाची लोकर वेगवेगळ्या घाण्यात रंगवली की किंचित फरक पडतोच, म्हणून तर वेष्टनावर लॉट नंबर छापतात. तो बघून घेणारी गिऱ्हाइकं दुकानदाराला माहीत असतात आणि ती दुपारी एकच्या आत येऊ नयेत अशी तो मनातून प्रार्थना करत असतो.

या सगळ्यात काकांचं स्थान काय? तर काका म्हणजे दोन हात. जुनं स्वेटर उसवायचा कार्यक्रम असला की त्यांना खुर्चीत बसवतात, हात कोपरात वाकवून समोर धरायला लावतात, आणि उसवलेला धागा त्यावर गुंडाळत लडी करतात. उसवलेली लोकर कुरळी असते. ती सरळ करायला लडी धुवायची, खालच्या टोकाला काहीतरी जड अडकवायचं आणि वाळत टाकायची. काकूंच्या गॅलरीत दोरीला टांगलेल्या लडीच्या टोकाला खलबत्त्याचा बत्ता लोंबताना मी पाहिला आहे. अशानं काकांचं १९८४चं स्वेटर पुढं मुलाचं झालं, मग नातवाचं बिनबाह्यांचं, आणि उरलं त्यात पायमोजे. काका कधीमधी त्या पायमोज्यांकडे बघत असतात.

विणकामात ‘हात’ नावाची एक चीज आहे. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. म्हणून एक स्वेटर दोघींनी विणू नये. पाठ एकीची आणि पोट दुसरीचं झालं तर कडा जुळत नाहीत. इतकंच नव्हे, एकाच बाईचा हातसुद्धा रोज सारखा नसतो. काकू झालेलं पाठीचं पान खिडकीशी उजेडात धरतात आणि बोट ठेवून वाचतात, ‘हे इथं बघ, चार ओळी आवळल्या गेल्यात. तेव्हा वन्संचा फोन आला होता.’ ‘आणि इथं सैल?’ ‘इथं ते आठ दिवस गावाला गेले होते.’ डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधली मादाम दफार्ज ज्यांचा सूड घ्यायचा त्यांची नावं विणकामात गुंफून ठेवायची. काकू इतक्या टोकाला जात नाहीत. पण सासरच्या मंडळींना दिलेली स्वेटरं काखेत का आवळतात, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

डिसेंबरात काकू सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला येतात. स्वतः विणलेली शाल, काकांना स्वतः विणलेली कानटोपी, आणि पिशवी. १९५३ पासूनचा हा महोत्सव. रमणबागेत होता तेव्हाही त्या यायच्या, २०१८ पासून मुकुंदनगरला गेला तर तिथंही. कामाची वाटणी ठरलेली असते. सवाईत फक्त साधं विणायचं, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. नक्षी टीव्हीच्या मालिकांसाठी राखून ठेवलेली, कारण मालिका न बघताही कळते. आणि गळा घरीच, दार लावून. मी एकदा त्यांच्या मागच्या रांगेत होतो. विलंबित एकताल चालू होता, सुया संथ चाललेल्या, बारा मात्रा आणि साधारण बारा टाके. द्रुत तीनताल सुरू झाला तशा काकूंच्या सुयाही द्रुतात गेल्या. तराण्याला तर शेजारच्या गृहस्थांनी कोपर आत ओढून घेतलं. गायिका तिहाई घेऊन समेवर आल्या, सगळ्या मंडपानं ‘वाह’ म्हटलं, आणि काकू म्हणाल्या, ‘गळला!’ तिहाईच्या नादात सुईवरून एक टाका निसटला होता. गाणं पुढं गेलं. काकू क्रोशाच्या सुईनं, अंधारात, बोटांनी चाचपडत, पाच ओळी खाली गेलेला टाका वर उचलत बसल्या. उचलला. भैरवीपर्यंत एक बाही झाली. घरी जाताना मी विचारलं, ‘गाणं कसं झालं?’ ‘काखेपर्यंत छान,’ काकू म्हणाल्या.

बाळंतविडा हे काकूंचं राखीव कुरण. टोपडं, झबलं, मोजे, दुपटं. घरच्यांना गोड बातमी कळायच्या आधी यांची लोकर आलेली असते, कशावरून कळतं देव जाणे. आपल्याकडे १९९४च्या कायद्यानं गर्भलिंग सांगायला बंदी आहे, त्यामुळे लोकर पिवळी. न्यू जर्सीहून भाचीनं फोन करून सांगितलं की मुलगी आहे, डॉक्टरांनीच सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि पिवळंच विणलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं एक ठीक आहे, पण लोकर उरली होती.

अलीकडे काकूंच्या इमारतीत एक नवी मुलगी राहायला आली आहे. हिंजवडीला जाते आणि कंपनीच्या बसमध्ये जातायेता क्रोशा करते. साखळी, खांब, मुका खांब हे शब्द तिला येत नाहीत, ती सगळं व्हिडिओवरून शिकली. पण हात सफाईदार आहे. तिनं काकूंना एक ऑक्टोपस दाखवला, जांभळा, आठ पाय, डोळे बटणांचे. काकूंनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि विचारलं, ‘हे कुणाच्या अंगात घालायचं?’ मुलगी म्हणाली, ‘काकू, हा नुसता ठेवायचा.’ ‘नुसता?’ काकू विचारात पडल्या. ज्यांनी टीव्हीला, फोनला, मिक्सरला आणि एकदा नळाच्या तोटीलाही झालर विणली त्यांना नुसतं ठेवायचं काही विणणं पटेना. मग तिनं चेन्नईचा किस्सा सांगितला. २०१६ साली तिथं शेकडो बायकांनी चौकोन विणून, जोडून, अकरा हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण केलं आणि गिनेस बुकात नाव नोंदवलं. काकू म्हणाल्या, ‘वाळत कुठं घातलं?’

तरी दोघींचं जमलं. मुलीनं त्यांना सांगितलं की विणकामाचं यंत्र इंग्लंडात १५८९ सालीच निघालं, पण क्रोशा अजून हातानंच करावा लागतो, बाजारात मिळतो तोही कुणीतरी बसून केलेला असतो. हे ऐकल्यापासून काकूंनी क्रोशाला बढती दिली आहे. ऑक्टोपसही केला. फक्त त्याला स्वेटर घातलं.

परवा, एप्रिलची दुपार, पारा चाळिसाच्या पुढं, मी सरबत प्यायला म्हणून वर गेलो. काकूंनी पेला हातात दिला आणि टेप काढली.

‘सरळ उभा राहा. पोट आत घेऊ नकोस, नंतर तूच बोंबलशील.’

‘काकू, एप्रिल चालू आहे.’

‘आत्ता धरलं तर दिवाळीला होतं. रंग कुठला आवडतो तुला?’

‘निळा.’

‘बरं,’ म्हणून त्यांनी पत्रिकेच्या पाठीवर आकडे लिहिले आणि पिशवीतून लोकर काढली. चारशे ग्रॅम, सगळा एकच लॉट, शेवाळी.